तबकडी मोडत कां नाहीं?

उन्हाळ्याच्या दिवसांत, चंद्र नसलेल्या रात्रीं, शहराच्या दिव्यांपासून दूर एखाद्या खेड्यांतील अंगणांत निजावयाचा प्रसंग आला म्हणजे डोक्यावरून गेलेला आकाशगंगेचा पांढुरका पट्टा पाहून मन थक्क होतें. आपण ताऱ्यांच्या ज्या प्रचंड तबकडींत राहतों, तिच्या आंत बसून ती कडेच्या दिशेनें पाहिली असतां दिसणारा देखावा म्हणजेच हा पट्टा होय, हें आतां शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. परंतु ती तबकडी टिकून कशी राहिली, हा प्रश्न शाळेंत कोणी विचारीत नाहीं. आणि विचारलाच तर गुरुजींचीही थोडी अडचण होईल, असें आम्हांस वाटतें.

प्रश्न दिसतो त्याहून बिकट आहे. आपला सूर्य या तबकडीच्या मध्यापासून सुमारें २६ हजार प्रकाशवर्षें दूर असून सेकंदास सुमारें २२० किलोमीटर वेगानें फिरतो. त्याची एक प्रदक्षिणा पुरी होण्यास बावीस-तेवीस कोटि वर्षें लागतात. सूर्याचें वय ४६० कोटि वर्षें धरलें तर त्याच्या आजवर विसांच्या आसपास फेऱ्या झाल्या. तबकडीची रुंदी लाखभर प्रकाशवर्षें आणि जाडी तिच्या मानानें भाकरीइतकीच. बैलगाडीच्या चाकाला आंस असतो, तुंबा असतो, आरे असतात, आणि हें सारें विसकटूं नये म्हणून बाहेरून लोखंडी धाव आवळलेली असते. आकाशांतील या चाकाला यांतलें कांहींच नाहीं. अब्जावधि तारे सुटे सुटे फिरत आहेत आणि प्रत्येक तारा बाकीच्या सर्वांस आपल्याकडे ओढीत आहे. चार शेजारी तारे योगायोगानें जरा जवळ आले कीं तेथें ओढ वाढावी, ओढ वाढली कीं आणखी तारे तिकडे यावे, आणि पाहतां पाहतां सगळ्या तबकडीच्या गुठळ्या व्हाव्या, हेंच खरें तर स्वाभाविक. नासलेल्या दुधासारखी तिची गत झाली नाहीं, याचें कारण काय? या एका प्रश्नाचा पाठलाग करतांना ज्योतिष्यांना जें सांपडलें, तें ते शोधीत होते त्याहून फारच मोठें निघालें. आणि ज्या वाटेनें सांपडलें ती वाट मागाहून पुष्कळशी चुकीची ठरली. हा इतिहास मनोरंजक आहे, म्हणून तो येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

असाच प्रश्न पूर्वीं एकदां शनीच्या कड्यांविषयीं निघाला होता. केंब्रिज येथील अॅडम्स पारितोषिकासाठीं तो विषय लावण्यांत आला, आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं त्यावर लिहिलेला निबंध १८५९ सालीं छापून प्रसिद्ध झाला. अखंड घन कडें टिकणार नाहीं, तें सुट्या सुट्या कणांचेंच असलें पाहिजे, असें त्यांनीं केवळ गणिताच्या बळावर दाखविलें. परंतु शनीच्या दरबारांत राजा एक आणि बाकीची प्रजा अगदीं हलकी; कणांनीं एकमेकांस ओढलें काय, न ओढलें काय, शनीपुढें त्यांचें फारसें चालत नाहीं. दीर्घिकेंत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या स्वतंत्र संसारांत, असा राजा नाहीं. मध्यभागीं चाळीस लक्ष सूर्यांच्या वजनाचें एक कृष्णविवर आहे खरें. पण अब्जावधि ताऱ्यांपुढें तें मांडलिक म्हणूनही शोभत नाहीं. येथें प्रजाच राज्य करिते, आणि एवढ्या प्रजेचें परस्परांशीं होणारें वर्तन कागदावर मांडणें हें एका माणसाच्या आयुष्याचें काम नव्हे.

मग कागद सोडून दुसरें कांहीं साधन वापरतां येईल काय? स्वीडनमधील एरिक होल्मबर्ग यांनीं या प्रश्नास जें उत्तर शोधिलें, त्याचें कौतुक करावें तितकें थोडें आहे. दिव्यापासून दुप्पट अंतरावर गेलें तर उजेड चौथाई होतो. गुरुत्वाकर्षणही दुप्पट अंतरावर चौथाईच होतें. दोहोंचा नियम एक. मग आकर्षण मोजण्याऐवजीं उजेडच कां मोजूं नये? होल्मबर्ग यांनीं एका दीर्घिकेबद्दल ३७ आणि दुसरीबद्दल ३७ असे एकंदर ७४ विजेचे दिवे एका सपाट पृष्ठावर मांडले. एका दिव्याच्या जागीं प्रकाश मोजणारें विद्युत्पात्र ठेवावें, चारी बाजूंनीं येणारा उजेड मोजावा, त्यावरून त्या 'ताऱ्या'वर किती ओढ आहे तें ठरवावें, त्या हिशेबानें दिवा थोडा सरकवावा. मग दुसरा दिवा, मग तिसरा. चौऱ्याहत्तर झाले कीं पुन्हां पहिल्यापासून. दोन दीर्घिका एकमेकींच्या जवळून गेल्या तर काय होईल, हें त्यांना पाहावयाचें होतें. जवळून जातांना दोघींच्याही अंगाला भरती आल्यासारखे फुगवटे आले आणि त्यांतून सर्पाकार बाहूही फुटले. हा वृत्तांत १९४१ सालीं प्रसिद्ध झाला. त्या वेळीं युरोप महायुद्धांत होरपळत होता, आणि तटस्थ राहिलेल्या स्वीडनमध्यें एक मनुष्य दिवे सरकवून विश्वाचा खेळ मांडीत होता! यंत्रावर लुटुपुटीची दीर्घिका तयार करून तिला काळाच्या ओघांत सोडून देण्याच्या सगळ्या उद्योगाचा उगम आम्ही या दिव्यांच्या पटांतच मानतों.

पुढें विजेवर चालणारीं गणकयंत्रें आलीं आणि दिव्यांची गरज उरली नाहीं. तथापि यंत्र आलें म्हणून काम सोपें झालें, असें मात्र नव्हे. सोळा तारे घेतले तर त्यांच्या जोड्या १२० होतात. शंभर घेतले तर ४,९५०. आणि एक लाख घेतले तर जवळ जवळ पांचशें कोटि! तारे एक पाऊल पुढें सरकले कीं हा सारा हिशेब पुन्हां नव्यानें. म्हणूनच जर्मनींत फॉन ह्योर्नर यांनीं १९६० सालीं केलेल्या गणितांत सोळांहून अधिक तारे नव्हते, आणि १९६३ मध्यें आर्सेथ यांनीं शंभरापर्यंत मजल मारली तीच मोठी वाटली. यांतून वाट काढली ती हॉक्नी प्रभृति मंडळींनीं. प्रत्येक घरीं जाऊन विचारपूस करण्याऐवजीं खानेसुमारीच्या कारकुनानें गांवागांवाची बेरीज घ्यावी, तशी त्यांनीं आकाशाची चौकटी-चौकटींत वांटणी केली. कोणत्या चौकटींत किती तारे आहेत एवढें मोजलें, आणि त्या बेरजांवरून सर्व पटावरील ओढ एका युक्तीच्या गणितानें झटकन् काढली. त्यामुळें लाख ताऱ्यांची तबकडी यंत्रांत फिरविणें शक्य झालें.

यंत्राची अशी तयारी होत असतां कागदावरचें गणितही स्वस्थ बसलें नव्हतें. एस्टोनियांत जन्मलेले आणि बाळपणींच कुटुंबाबरोबर अमेरिकेस गेलेले अलार टूमरे यांनीं १९६४ सालीं तबकडीच्या स्थैर्यावर एक निबंध लिहिला. त्याचा मथितार्थ असा. मोठ्या पट्ट्यांतले तारे एकत्र कोसळूं लागले तर तबकडीचें भ्रमण त्यांना आवरतें. गोफणींतला दगड जसा हाताकडे येत नाहीं, तसें. लहान गुठळी होऊं लागली तर तेथें भ्रमणाचा उपयोग नाहीं. परंतु तारे कांहीं कवाईत करीत चाललेले शिपाई नव्हेत. प्रत्येकास थोडी स्वतःची इकडे तिकडे भटकण्याची खोड असते, आणि तीमुळें गुठळी बनण्यापूर्वींच विस्कटते. ही भटकंती एका मर्यादेहून अधिक असली कीं लहान, मोठी, कोणतीच गुठळी होऊं शकत नाहीं. सूर्याच्या परिसरासाठीं ती मर्यादा सेकंदास २० ते ३५ किलोमीटर येते, आणि तेथील ताऱ्यांची प्रत्यक्ष भटकंती मोजली तर तीही त्याच घरांत भरते. ज्या तबकडींत अशी भटकंती फार कमी, तिला ज्योतिषी 'थंड' म्हणतात, आणि जींत ती फार, तिला 'तप्त'. हे दोन शब्द पुढें लागणार आहेत. असो. तबकडी मोडत नाहीं, कारण तारे पुरेसे भटके आहेत, एवढ्यावर प्रश्न सुटला असें वाटणें साहजिक होतें.

तो सुटला नव्हता, हें यंत्रानें दाखविलें. अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या लँग्ली येथील केंद्रांत काम करणारे फ्रँक होल यांनीं प्रथम हॉक्नी यांच्यासह आणि मग १९७१ सालीं स्वतंत्रपणें लाखाच्या घरांतल्या ताऱ्यांच्या तबकड्या फिरवून पाहिल्या. अगदीं थंड तबकडी सोडली तर ती लवकरच गुठळ्या होऊन फुटली. हें अपेक्षित होतें. मग टूमरे यांनीं सांगितली तेवढी भटकंती ताऱ्यांना देऊन पाहिलें. आतां गुठळ्या झाल्या नाहींत. परंतु दोनएक फेऱ्या होतात न होतात तों सबंध तबकडीच मधोमध लांबट होऊन तिचा एक जाड दांडा बनला आणि तो टोकांवर गरगर फिरूं लागला! लहान धोका टळला आणि त्याच्या आड दडलेला मोठा धोका पुढें आला. शेवटीं जें उरलें तें इतकें तप्त होतें कीं, आकाशांतील शांत, चपट्या दीर्घिकांशीं त्याचें कांहीं साम्य उरलें नाहीं. मिलर, प्रेंडरगास्ट आणि क्वर्क या त्रयीलाही स्वतंत्र रीतीनें असाच अनुभव आला होता.

येथें थोडें थांबून विचार करण्यासारखें आहे. यंत्राचें उत्तर आणि आकाश यांचा मेळ बसला नाहीं, तर खोटें कोण? यंत्रांतले तारे थोडे, चौकटी ठोकळ, काळाचीं पावलें मोठीं. तेव्हां दोष यंत्राचा असें म्हणून मोकळें होणें सोपें होतें, आणि पुष्कळ जण तसें मोकळे झालेही असतील. होल यांनीं मात्र तबकड्या पुनः पुन्हां फिरविल्या आणि दांडा पुनः पुन्हां आला. १९७२ मध्यें कॅल्नाय्स यांनीं एका विशिष्ट तबकडीचें गणित यंत्राशिवाय, कागदावर पुरें सोडविलें. तींतही थंडपणा ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं दांडा होण्याकडेच कल निघाला. म्हणजे यंत्र खरें बोलत होतें. आमच्या मतें या प्रकरणांतील खरा कठीण शोध हाच. परंतु लोकप्रिय ग्रंथांत होल यांचें नांव क्वचितच आढळतें. अपयशी वाटणाऱ्या प्रयोगाचें श्रेय इतिहासानें फार जपून ठेवल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

श्रेय मिळालें तें प्रिन्स्टन येथील जेरेमाया ऑस्ट्रायकर आणि जेम्स पीबल्स या जोडीस. ऑस्ट्रायकर हे आपल्या चंद्रशेखरांचे शिष्य. फिरत्या द्रवगोलांचीं रूपें हा चंद्रशेखरांचा त्या काळचा आवडता विषय होता. आणि द्रवाचा गोळा फार वेगानें फिरूं लागला तर तो चपटा न राहतां लांबट होतो, हें याकोबी यांच्या १८३४ मधील शोधापासून त्या विद्येंत ठाऊक होतें. त्या संस्कारांत वाढलेल्या माणसाला होल यांचा दांडा पाहून नवल वाटलें नसावें. या जोडीनें १९७३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकांतच थंड दीर्घिका जगूं शकतील काय, असा प्रश्न टाकला होता. त्यांच्या यंत्रांत तारे अवघे १५० ते ५००. होल यांच्या लाखापुढें ही चिमूटच. परंतु त्यांनीं विचारलेला प्रश्न नेमका होता. दीर्घिकेच्या एकंदर गुरुत्वीय ऊर्जेशीं तिच्या भ्रमणाच्या ऊर्जेचें प्रमाण किती? तें ०.१४ च्या वर गेलें कीं दांडा होतो, खालीं राहिलें तर तबकडी टिकते, असें त्यांना आढळलें. आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकेंत बहुतेक सगळी ऊर्जा भ्रमणाचीच. तेव्हां ती मोडावयास हवी होती. ज्या अर्थीं ती मोडलेली नाहीं, त्या अर्थीं तबकडीभोंवतीं न फिरणाऱ्या, गोलाकार पसरलेल्या कसल्या तरी द्रव्याचें मोठें वेष्टण असलें पाहिजे, आणि त्याचें वजन तबकडीच्या एकपट ते अडीचपट तरी असलें पाहिजे. हें द्रव्य दिसत तर नाहीं!

या अनुमानाचा परिणाम मोठा झाला. पुढच्याच वर्षीं या दोघांनीं याहिल यांच्यासह, आणि तिकडे एस्टोनियांत आयनास्तो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, दीर्घिकांचें वजन दिसतें त्याच्या कितीतरी पट असल्याचें प्रतिपादिलें. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनीं देवयानी दीर्घिकेचें भ्रमण १९७० सालींच मोजलें होतें. त्यानंतर त्यांचीं व इतरांचीं मापनें जसजशीं वाढलीं, तसतसें दिसूं लागलें कीं मध्यापासून कितीही दूर गेलें तरी भ्रमणाचा वेग कमी होत नाहीं; म्हणजे बाहेर न दिसणारें द्रव्य आहेच. कृष्णद्रव्य म्हणून आज ज्याचा गवगवा आहे तें हेंच. पाठ्यपुस्तकांतली कथा येथें संपते: तबकडी कां टिकली? कृष्णद्रव्यानें सांवरली म्हणून.

कथा अशी सुबक असती तर हा लेख लिहिण्याची आम्हांस गरज नव्हती. कॅल्नाय्स आणि टूमरे यांना पहिल्यापासून ०.१४ या जादूच्या आंकड्याविषयीं शंका होती. टूमरे यांनीं १९८१ मध्यें दांडा मुळांत कसा वाढतो याची उकल केली. तबकडींत उठलेली एक लाट मध्याकडे जाते, पलीकडून बाहेर येते, आणि बाहेर येतांना भ्रमणाच्या ओढीनें ती उलटून फुगते. पुन्हां मध्याकडे जाते, पुन्हां फुगून येते. झोपाळ्याला प्रत्येक फेरीस कोणी हात लावावा तसें हें आहे. मग झोपाळा थांबविण्यास सबंध झाडच वजनदार करण्याचें कारण काय? लाटेची मध्यांतून जाण्याची वाट अडविली कीं पुरें. दीर्घिकेचा गाभा पुरेसा दाट असेल तर लाट तेथें पोंचण्यापूर्वींच विरून जाते. सेलवुड यांनीं १९८५ मध्यें आकाशगंगेच्या नमुन्याची तबकडी दाट गाभ्यासह फिरवून दाखविली, आणि ती स्थिर राहिली. म्हणजे कृष्णद्रव्याच्या मोठ्या वेष्टणावांचूनही तबकडीचा निभाव लागूं शकतो!

याहून मोठा चमत्कार पुढें झाला. ऑस्ट्रायकर-पीबल्स यांच्या गणितांत तें वेष्टण अचल धरलेलें होतें. भिंतीसारखें तें नुसतें ओढी, हलत नसे. गणकयंत्रें बलवान झाल्यावर वेष्टणही लक्षावधि कणांचें करतां येऊं लागलें. अथानासुला यांनीं २००२ मध्यें अशा सजीव वेष्टणांत तबकडी फिरविली, तेव्हां दांडा दबण्याऐवजीं उलट अधिक बळकट झाला. दांड्याची फिरण्याची पुंजी, जिला शास्त्रांत कोनीय संवेग म्हणतात, वेष्टणांतले कण काढून घेतात; आणि ती गमावून दांडा मंद होतो, पण लांब व पुष्ट होतो. गर्दींतून जाणाऱ्या जड वस्तूला गुरुत्वामुळेंच एक प्रकारचें घर्षण होतें, हें चंद्रशेखरांनीं १९४३ सालीं दाखविलें होतें. त्याच कुळांतली ही गोष्ट. ज्याला पहारेकरी म्हणून नेमलें तोच चोराला खाऊं घालीत होता!

आणि सर्वांवर कडी म्हणजे आपल्या घरचीच. आकाशगंगेस दांडा नाहीं, या समजुतीवर १९७३ च्या युक्तिवादाचा एक पाय उभा होता. द व्होकुलर यांनीं १९६४ मध्यें दांड्याची शंका बोलून दाखविली होती, पण ती फारशी कोणी मनावर घेतली नाहीं. १९९१ नंतर, धुळीच्या पडद्यांतून आरपार येणाऱ्या अवरक्त किरणांनीं मध्यभागाकडे पाहतां आलें, तेव्हां तेथें खासा दांडा निघाला. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण याहून चपखल कोठें बसेल? अवरक्त प्रकाशांत पाहिलें असतां जवळपासच्या सर्पिल दीर्घिकांपैकीं सुमारें दोनतृतीयांश दीर्घिकांना लहानमोठा दांडा दिसतो. ज्याला यंत्राचा दोष म्हटलें, तोच पुष्कळ अंशीं आकाशाचा धर्म होता.

मग कृष्णद्रव्य खोटें काय? मुळींच नाहीं. भ्रमणवेगाचा पुरावा स्वतंत्र आहे, दीर्घिकांच्या समूहांचा आहे, आणि विश्वाच्या आरंभींच्या प्रकाशाचाही आहे. निष्कर्ष खरा, कारण अर्धवट, असें म्हणावें लागतें. याचा राग येण्याचें कारण नाहीं. १९७३ चा तो निबंध नसता तर भ्रमणवेगाच्या मापनांकडे इतक्या लवकर इतक्या जणांचें लक्ष गेलें नसतें. पण पाठ्यपुस्तकांनीं ती कथा सरळ रेघेसारखी सांगावी, हें मात्र आम्हांस पसंत नाहीं.

तबकडी टिकते कशी, याला आतां दुसरी एक बाजू मिळाली होती: ती मुळीं जशीच्या तशी टिकतच नाहीं, सारखी बदलत असते. सर्पिल बाहू हे तबकडीस तापवितात. ताऱ्यांची भटकंती वाढवितात. भटकंती वाढली कीं बाहूच मावळतात. सेलवुड आणि कार्लबर्ग यांच्या यंत्रांत १९८४ मध्यें असेंच झालें: दहाएक फेऱ्यांत बाहू विरून गेले. परंतु थंड ताऱ्यांची नवी भर घालीत राहिलें तर बाहू जगले. खऱ्या दीर्घिकेंत ही भर वायूपासून जन्मणारे तारे घालतात. वायूचा वांटा वजनानें थोडा असला तरी त्याचें महत्त्व फार आहे. चंदा जोग आणि फिलिप सॉलोमन यांनीं त्याच वर्षीं दाखविलें कीं, तारे एकटे स्थिर आणि वायू एकटा स्थिर असतांही दोघे एका तबकडींत आले म्हणजे ती अस्थिर होऊं शकते. जोगबाईंनीं पुढें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत या विषयाची परंपराच निर्माण केली. दीर्घिकांतील हायड्रोजन वायूचे रेडिओसंदेश टिपणाऱ्या दुर्बिणींपैकीं एक मोठी आमच्या नारायणगांवाजवळ खोडद येथें आहे. पुणें-नाशिक रस्त्यानें जाणाऱ्या वाचकांनीं तिच्या तबकड्या दुरून पाहिल्याही असतील.

यानंतर तयार तबकडी यंत्रांत ठेवण्याऐवजीं विश्वाच्या आरंभापासून सुरुवात करून तबकडी आपोआप बनते कीं नाहीं, हें पाहण्याची उमेद आली. १९९० च्या सुमाराचे पहिले प्रयत्न फसले. वायू आपली फिरण्याची पुंजी वेष्टणास देऊन मध्याशीं कोसळे आणि तबकडीच्या जागीं गोळा बने. मरणाऱ्या ताऱ्यांच्या स्फोटांनीं वायू वर उधळला जातो, ही गोष्ट नीट हिशेबांत धरल्यावर रंग पालटला. २०११ मधील 'एरिस' आणि २०१४ मधील 'इलस्ट्रिस' या यंत्रविश्वांत पाहण्याजोग्या सर्पिल दीर्घिका निर्माण झाल्या. त्यांचीं चित्रें दुर्बिणीच्या चित्रांशेजारीं ठेवलीं तर पुष्कळदां ओळखूं येत नाहीं.

पण एका वृद्धाचें समाधान झालें नाहीं. थंड दीर्घिका जगूं शकतील काय, असें १९७३ सालीं विचारणाऱ्या जोडीपैकीं पीबल्स यांना २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं आपल्या शेजारच्या मोठ्या दीर्घिका एकेक करून तपासल्या आणि यंत्रांतल्या दीर्घिकांशीं ताडून पाहिल्या. यंत्रांतल्या दीर्घिकांत, त्यांच्या मतें, तप्त आणि अस्ताव्यस्त फिरणारे तारे फार आहेत. आकाशांतल्या तबकड्या त्यांहून पुष्कळच थंड, पुष्कळच नीटनेटक्या आहेत.